गरम वायूंची वाट

1829 सालचा ऑक्टोबर महिना. लिव्हरपूलजवळच्या रेनहिल गावी लोहमार्गाच्या एका सपाट पट्ट्यावर इंजिनांची परीक्षा मांडली होती. लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांना जोडणारी रेल्वे तयार होत आली होती आणि तिच्यावरच्या गाड्या कोणत्या इंजिनाने ओढायच्या याचा निकाल इथे लागणार होता. बक्षीस 500 पौंडांचे. खरी चुरस होती ती तीन इंजिनांत: जॉर्ज व रॉबर्ट स्टीफन्सन यांचे ‘रॉकेट’, ब्रेथवेट आणि एरिक्सन यांचे ‘नॉव्हेल्टी’ आणि टिमथी हॅकवर्थचे ‘सां पारेय’.

तिन्हींच्या पोटात आग होती, पाणी होते, वाफ होती. फरक होता तो आगीतून निघालेल्या गरम वायूंना दिलेल्या वाटेचा. ‘नॉव्हेल्टी’त भात्याने हवा फुंकून ते वायू एका लांब, अरुंद, वळणावळणाच्या नळीतून ढकलले जात. ‘सां पारेय’मध्ये एकच रुंद नळी बॉयलरच्या टोकापर्यंत जाऊन परत फिरे, वापरून झालेल्या वाफेचा झोत चिमणीत इतक्या जोराने सोडलेला होता, की अर्धवट जळालेला कोक धुराबरोबर बाहेर उडे. ‘रॉकेट’च्या सहा फूट लांब बॉयलरमधून मात्र तीन-तीन इंच व्यासाच्या 25 तांब्याच्या नळ्या आरपार गेल्या होत्या. वाफ इथेही चिमणीत सोडलेली होती, पण तिचा झोत सौम्य होता.

‘नॉव्हेल्टी’ आणि ‘सां पारेय’ दोन्ही वाटेत नादुरुस्त झाली. ‘रॉकेट’ने ठरलेल्या सगळ्या फेऱ्या पुऱ्या केल्या, ताशी 29 मैलांच्या आसपास वेग गाठला आणि बक्षीस जिंकले.

पंचवीस नळ्यांची ही कल्पना रेल्वे कंपनीचे चिटणीस व खजिनदार हेन्री बूथ यांनी स्टीफन्सन यांना सुचवली होती. फ्रान्समध्ये मार्क सेगँ यांनी 1828 सालीच अशा बॉयलरचे पेटंट घेतले होते. दोघांच्या डोक्यात एकच हिशेब होता, आणि तो कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. तीन इंच व्यासाच्या 25 नळ्यांच्या तोंडांचे क्षेत्रफळ बरोबर 15 इंच व्यासाच्या एका नळीइतके भरते. म्हणजे वायूंना जायला जागा तेवढीच. पण पाण्याला भिडणारा धातूचा पृष्ठभाग मात्र पाचपट. तीच आग, तेवढाच रस्ता, आणि उष्णता घेणारी भिंत पाचपट मोठी.

बॉयलरचा इतिहास लिहिताना बहुतेक लेखक वाफेच्या दाबाबद्दल आणि स्फोटांबद्दल लिहितात. ते योग्यच आहे; त्या स्फोटांत माणसे मेली आहेत. पण कोळशाच्या ढिगाऱ्यातले किती कामी आले आणि किती आभाळात गेले, याचा इतिहास त्या गरम वायूंच्या वाटेत आहे. भट्टीत हजार अंशांहून अधिक तापलेले वायू थोड्याच सेकंदांत चिमणीपाशी पोचतात. त्या थोड्या सेकंदांचा उपयोग कसा करायचा, हा प्रश्न सोडवायला माणसाला शंभराहून अधिक वर्षे लागली.

गिरणीची अडचण

‘रॉकेट’ची युक्ती इतकी उघड होती, तर कापडगिरण्यांनी ती लगेच का उचलली नाही? कारण गिरणीची परिस्थिती वेगळी होती. बारीक नळ्यांतून वायू ओढायला जोर लागतो. रेल्वेच्या इंजिनाला तो जोर फेकून द्यायच्या वाफेतून आयता मिळत होता. गिरणीचे इंजिन मात्र वापरलेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करत असे, म्हणून चिमणीत सोडायला वाफ उरत नसे. तिथे सगळी भिस्त विटांच्या उंच चिमणीच्या ओढीवर.

ती ओढ किती तुटपुंजी असते, हे आकड्यांत पाहिले की कळते. चिमणीतली हवा गरम म्हणून हलकी, बाहेरची थंड म्हणून जड. त्या वजनांतला फरक म्हणजे चिमणीची ओढ. 30 मीटर उंच चिमणीत 300 अंश सेल्सिअस तापमानाचे वायू असतील आणि बाहेर मँचेस्टरच्या हिवाळ्यातली पाच अंशांची हवा असेल, तर ओढ भरते पाण्याच्या सुमारे 20 मिलिमीटर उंचीच्या स्तंभाएवढी. एवढ्या जोरावर जाळीवरच्या कोळशाच्या थरातून हवा खेचायची, वायूंना बॉयलरभर फिरवायचे आणि वर बाहेर काढायचे. शिवाय कारखान्याचा कोळसा काजळी धरणारा. बारीक नळ्या महिन्याभरात गच्च भरल्या असत्या.

म्हणून गिरण्यांनी रुंद वाट निवडली. रिचर्ड ट्रेव्हिथिक यांनी 1812च्या सुमारास कॉर्नवॉलच्या खाणींसाठी जो बॉयलर बसवला, त्यात लोखंडी पिंपाच्या आत एकच मोठी नळी होती आणि भट्टी त्या नळीतच होती. 1844 साली विल्यम फेअरबेर्न आणि जॉन हेदरिंग्टन यांनी एका नळीच्या जागी शेजारी-शेजारी दोन नळ्या घातल्या. हाच पुढे लँकेशायर बॉयलर म्हणून जगभर गेला.

दोन नळ्यांमागचा विचार धुराचा होता. भट्टीत ताजा कोळसा टाकला की पहिली काही मिनिटे त्यातून जळाऊ वायू भसाभस सुटतात आणि पुरेशी हवा व उष्णता न मिळाल्याने काळा धूर होऊन निघून जातात. फेअरबेर्न यांनी सांगितले, दोन्ही भट्ट्यांत एकदम कोळसा टाकू नका. आधी एकीत टाका, थोड्या वेळाने दुसरीत. एक भट्टी धुमसत असेल तेव्हा दुसरी लालबुंद असेल. नळ्यांच्या शेवटी दोघींचे वायू एकत्र आले की अर्धवट राहिलेले ज्वलन पुरे होईल. आगवाल्याच्या फावड्याच्या तालावर धूर कमी करायची ही योजना होती, आणि आगवाला जाणता असेल तिथे ती चालली.

लँकेशायर बॉयलरमधली वाट विटांच्या बांधकामात आखलेली असे. जाळीच्या शेवटी एक बुटकी भिंत. तिच्यावरून उडी घेऊन वायू नळीत शिरत. नळीच्या मागच्या टोकाला ते खाली वळत आणि पिंपाच्या पोटाखालच्या बोगद्यातून पुढच्या बाजूला येत. तिथे त्यांचे दोन भाग होत, डाव्या-उजव्या बाजूच्या बोगद्यांतून ते पुन्हा मागे जात आणि डॅंपरच्या पडद्याखालून चिमणीकडे निघत. जवळपास 30 फूट लांबीच्या बॉयलरची तीन वेळा प्रदक्षिणा झाल्यावर त्यांची सुटका. पिंपाचे पोटही गरम राहिल्याने वरचा पत्रा तापलेला आणि खालचा थंड, असा ताण पडत नसे.

मँचेस्टरच्या गॅलोवे बंधूंनी 1850च्या सुमारास या रुंद नळीत आडव्या-तिरप्या, निमुळत्या नळ्या बसवल्या. त्यांच्यातून पाणी वर वाहे आणि बाहेरून त्यांच्यावर वायू आदळत. पृष्ठभाग वाढला, नळीला आधारही मिळाला. पण त्यांचा आणखी एक मोठा गुण होता, तो म्हणजे सरळ वाहणाऱ्या वायूंना त्या घुसळून काढत. या घुसळण्याचे मोल कळायला अजून पाव शतक जायचे होते.

वाचवलेली उष्णता आणि कमी झालेली ओढ

इतके करूनही चिमणीच्या पायथ्याशी वायू 300 अंशांच्या वर तापलेले असत. वेकफील्डच्या एडवर्ड ग्रीन यांना हे पाहवले नाही. 1845 साली त्यांनी इकॉनॉमायझरचे पेटंट घेतले. बॉयलर आणि चिमणी यांच्या मधल्या बोगद्यात उभ्या बिडाच्या नळ्यांची रांग. बॉयलरमध्ये जाणारे पाणी आधी त्यांतून फिरवायचे आणि जाता-जाता वायूंची उरलेली उष्णता त्याला द्यायची.

कल्पना बिनतोड होती, पण नळ्यांवर काजळी बसू लागली. काजळी उष्णता अडवते, आणि थोड्याच दिवसांत नळ्या नावापुरत्या उरत. ग्रीन यांनी प्रत्येक नळीभोवती खरवडणारी कडी बसवली आणि ती साखळ्यांनी सतत, अगदी मंद गतीने वर-खाली फिरत राहतील अशी व्यवस्था केली. इकॉनॉमायझर जगला तो या खरवडणीमुळे. बॉयलरच्या इतिहासात अशी अनेक उदाहरणे आहेत, जिथे मूळ कल्पनेइतकेच तिला स्वच्छ ठेवण्याच्या साधनाने काम केले.

मात्र इथे एक नवाच पेच पुढे आला. वायूंची उष्णता काढून घेतली की ते चिमणीत कमी हलके राहतात आणि ओढ मंदावते. आपल्या 30 मीटरच्या चिमणीत, बाहेर 30 अंशांची हवा असताना, 300 अंशांच्या वायूंची ओढ 16 मिलिमीटरच्या आसपास भरते. तेच वायू 150 अंशांवर आणले तर ती दहावर येते. म्हणजे चिमणीतून जाणारी उष्णता पूर्ण वाया जात नव्हती. आगीला हवा पुरवण्याची मजुरी म्हणून ती खर्च होत होती. मजुरी कमी केली की काम मंदावे. चिमण्या आणखी उंच बांधणे हाच त्यावर त्या काळातला उपाय होता.

ताडदेवची चिमणी

हेच तंत्र जहाजांतून मुंबईला आले. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली ‘बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ स्थापन केली आणि 1856 साली ताडदेवची गिरणी सुरू झाली. पुढच्या दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळीपर्यंत चिमण्यांचे रान उभे राहिले. त्यांच्या बुडाशी बहुतेक ठिकाणी लँकेशायर बॉयलरच होते.

पण मँचेस्टर आणि मुंबई यांत हवेचा फरक होता. वर पाहिलेले दोन आकडे शेजारी ठेवा. तीच 30 मीटरची चिमणी, तेच 300 अंशांचे वायू. मँचेस्टरच्या हिवाळ्यात ओढ 20 मिलिमीटर, मुंबईच्या दुपारी 16. बाहेरची हवा गरम म्हणून हलकी, आणि तेवढ्याने पाचवा हिस्सा ओढ गेली. त्यात बंगालचा कोळसा आला, त्याला राख जास्त. जाळी लवकर चोंदायची, राख वितळून झालेले घट्ट गोळे, म्हणजे क्लिंकर, फोडावे लागायचे, आणि प्रत्येक वेळी भट्टीचे दार उघडले की थंड हवा आत घुसून वायू आणखी गार करायची. गिरणगावातल्या आगवाल्याला लँकेशायरच्या त्याच्या भावबंदापेक्षा कमी ओढीवर, अधिक राखेच्या कोळशाने, बॉयलर हाउसातल्या अधिक उकाड्यात तेवढीच वाफ काढून द्यावी लागत होती. त्याच्या कौशल्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात नाही. पण गिरणीचा पट्टा फिरत राहिला तो त्याच्या जोरावर.

चिमण्यांतून काळा धूर निघे तो न जळालेल्या इंधनाचा. शहर गुदमरू लागले आणि 1912 साली मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला. तोपर्यंत धुराला आवर घालणे म्हणजे कोळसा वाचवणे, हे इंजिनीअरांना पुरते कळून चुकले होते.

रेनॉल्ड्स यांचे उत्तर

पण वायूंची उष्णता पाण्यापर्यंत कशी पोचते, हे कळण्याची सुरुवात त्याआधी मँचेस्टरलाच झाली होती. तिथल्या ओवेन्स कॉलेजात 1868पासून ऑस्बर्न रेनॉल्ड्स अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. 1874 साली त्यांनी तिथल्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे बॉयलरच्या तापणाऱ्या पृष्ठभागाबद्दल एक छोटा निबंध वाचला. काही पानांच्या त्या निबंधाने बॉयलरकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

तोपर्यंतचा समज साधा होता: वायू सावकाश न्या, म्हणजे त्यांना उष्णता द्यायला वेळ मिळेल, घाईने नेले तर ते गरमच्या गरम निघून जातील. व्यवहारात मात्र एक गोष्ट या समजात बसत नव्हती. रेल्वेच्या इंजिनात वायू नळ्यांतून प्रचंड वेगाने जात, तरीही तो बॉयलर भरपूर आणि काटकसरीने वाफ देई.

रेनॉल्ड्स यांनी विचारले, उष्णता वायूतून पत्र्यात जाते तरी कशी? वायू उष्णतेचा वाईट वाहक. पत्र्याला चिकटलेला पातळ थर आपली उष्णता देऊन गार होतो आणि धातूवर गोधडी पांघरल्यासारखा तिथेच बसून राहतो. नळीच्या मध्यातले गरम वायू पत्र्याला स्पर्शही न करता निघून जातात. हा थर मोडण्याचे दोन मार्ग: एक म्हणजे रेणूंची आपोआप होणारी सरमिसळ, जी फार मंद, आणि दुसरा म्हणजे प्रवाहात उठणारे भोवरे, जे मधला गरम वायू ओढून कडेला आणतात. या दुसऱ्या मार्गाने जाणारी उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला तर वायू दुप्पट येतो खरा, पण सेकंदाला पत्र्यात जाणारी उष्णताही जवळपास दुप्पट होते. म्हणून बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान फारसे वाढत नाही. तेवढ्याच लोखंडातून जवळपास दुप्पट वाफ मिळते.

‘रॉकेट’च्या बारीक नळ्या आणि गॅलोवेंच्या तिरप्या नळ्या, दोन्हींच्या यशाचे कारण आता समजले. वायूंना पृष्ठभाग जसा हवा तसा वेगही हवा आणि घुसळणही हवी. 1883 साली रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीत रंगाची धार सोडून, शांत प्रवाह कोणत्या क्षणी भोवऱ्यांनी भरतो हे डोळ्यांना दाखवले. आज जगभरातला प्रत्येक इंजिनीअर ज्या रेनॉल्ड्स अंकाने प्रवाह मोजतो, त्याचा उगम त्या प्रयोगात आहे.

वेगाचीही किंमत असते. भोवऱ्यांनी भरलेल्या प्रवाहात वेग दुप्पट केला की रोध सुमारे चौपट होतो. सोळा-वीस मिलिमीटर ओढीची चिमणी हा भार कुठून उचलणार?

पंख्याने सोडवलेला पेच

हे काम ग्लासगोच्या जेम्स हाउडन यांनी 1880च्या दशकात मार्गी लावले. जहाजांवर उंच चिमणी बांधता येत नाही, म्हणून गरज तिथे अधिक होती. काही युद्धनौकांत बॉयलरची सगळी खोलीच बंद करून तिच्यात पंख्याने हवेचा दाब वाढवत. माणसांना त्या दाबात काम करावे लागे. हाउडन यांनी खोली मोकळी ठेवली आणि फक्त भट्टी व राखेची जागा बंद करून तिथे पंख्याने हवा सोडली. शिवाय ती हवा चिमणीकडे निघालेल्या वायूंच्या उष्णतेवर आधी तापवून घेतली. गरम हवेने कोळसा झपाट्याने व पुरता जळे. पुढे 1907 साली सेवेत आलेल्या ‘लुसितानिया’ आणि ‘मॉरेटानिया’ या महाकाय जहाजांच्या बॉयलरांनाही हाउडन पद्धतीचीच हवा होती.

ग्रीन यांच्यापासून चालत आलेला पेच इथे सुटला. आगीला हवा पुरवण्याचे काम पंख्याकडे गेले आणि वायूंना हवे तितके थंड करण्याची मोकळीक मिळाली. पंख्याला लागणारी शक्ती वाचलेल्या उष्णतेच्या मानाने किरकोळ होती. चिमणीचे काम आता वायू उंचावर नेऊन सोडणे एवढेच उरले.

त्याच काळात अमेरिकेत बॅबकॉक आणि विलकॉक्स यांनी 1867 सालच्या आपल्या पेटंटपासून उलटी रचना पुढे आणली होती: पाणी नळ्यांच्या आत, वायू बाहेर. तिरप्या नळ्यांच्या जुडीत आडपडदे उभारून वायूंना एकदा वर, एकदा खाली आणि पुन्हा वर असे नळ्यांना आडवे जायला भाग पाडले. प्रत्येक नळीवर आदळून प्रवाह फुटे आणि नवे भोवरे उठत. वीजकेंद्रांचे आणि साखर कारखान्यांचे मोठे बॉयलर याच घराण्यातले.

वाट मोजण्याचेही साधन आले. 1870च्या दशकातल्या ऑर्सा यांच्या काचेच्या उपकरणाने धुरातला कार्बन डायऑक्साइड मोजता येऊ लागला. त्याचे प्रमाण कमी भरले तर समजावे, की गरजेपेक्षा जास्त हवा आत येते आहे आणि तापून फुकट बाहेर जाते आहे. बहुतेक वेळा ती हवा विटांच्या फटींतून आणि नीट न बसणाऱ्या दारांतून शिरलेली असे.

आपल्या भट्ट्या

1915 साली टाटांच्या खोपोली केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली आणि गिरण्यांची वाफेची इंजिने हळूहळू मागे पडली. बॉयलर मात्र गेला नाही. सुताला खळ द्यायला, कापड रंगवायला, उसाचा रस आटवायला वाफच लागते. 1966 साली वॉन्सन इंडिया म्हणून सुरू झालेली आणि पुढे थर्मॅक्स झालेली पुण्याची कंपनी बॉयलरच्या धंद्यावरच मोठी झाली.

आज साखर कारखान्याच्या बॉयलरपाशी उभे राहिले, की हा सगळा इतिहास एका रांगेत लावलेला दिसतो. एफडी फॅन हवा आत ढकलतो, आयडी फॅन वायू बाहेर खेचतो. हे हाउडन यांचे ऋण. आडव्या जाणाऱ्या वायूंपुढे नळ्यांच्या जुड्या, मग इकॉनॉमायझर, मग एअर प्रीहीटर. उसाच्या चोयट्यात, म्हणजे बगॅसमध्ये, जवळपास निम्मे पाणी असते, म्हणून जाता-जाता वायूंनी तापवलेली हवा तिथे दुप्पट मोलाची. वाचलेल्या बगॅसवर वीज करून विकता येते. गळीत हंगामात वाचलेला प्रत्येक टन शेवटी ऊस उत्पादकाच्या हिशेबात येतो.

तरीही इचलकरंजी-भिवंडीच्या प्रोसेस हाउसांत, दूधसंघांत, लहान कारखान्यांत आजही बरीच उष्णता त्याच जुन्या वाटांनी जाते: काजळी धरलेल्या नळ्या, झिजलेले आडपडदे, दाराच्या कडेची हवा अडवणाऱ्या, पण ढिल्या झालेल्या दोऱ्या, कायम उघडा ठेवलेला डॅंपर. ऊर्जा बचतीचा सर्वमान्य ठोकताळा असा, की चिमणीतल्या वायूंचे तापमान 22 अंशांनी उतरले तर बॉयलरची कार्यक्षमता सुमारे एक टक्क्याने वाढते. मर्यादाही आहे. गंधकयुक्त इंधनाचे वायू फार थंड केले तर त्यांतून आम्ल सुटून इकॉनॉमायझरच्या नळ्या खाते. म्हणून किती थंड करायचे हे इंधन पाहून ठरवावे लागते, आणि ते ठरवण्यासाठी जाणता माणूस लागतो.

आपल्या राज्यात बाष्पके संचालनालय बॉयलर अटेंडंटची परीक्षा घेते आणि प्रमाणपत्र नसलेल्या माणसाला बॉयलर चालवू दिला जात नाही. ही शिस्त मुख्यतः स्फोट टाळण्यासाठी आहे, आणि ती हवीच. पण त्या माणसाच्या हाती चिमणीचे तापमान दाखवणारा मापक आणि धुरातला प्राणवायू मोजणारे उपकरण दिले, त्यांचा अर्थ त्याला नीट शिकवला, वाचलेल्या इंधनातला वाटा त्याला दिला, तर फेअरबेर्न, ग्रीन आणि रेनॉल्ड्स यांनी मिळवलेले ज्ञान प्रत्येक पाळीत कामाला येईल. फेअरबेर्न यांची योजनाही आगवाला जाणता होता तिथेच चालली होती. वायूंची वाट इंजिनीअर आखतो, पण ती मोकळी, घट्ट आणि स्वच्छ ठेवतो तो भट्टीसमोर उभा असलेला माणूस. इंधन वाचवायचे असेल तर पहिला खर्च त्याच्यावर करायला हवा.